मण्यांचा पोपट

जऊळका, माघ, सन १९४१

चि. सौ. सोजर हिला बापाचा आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. तुझ्या नर्मदेच्या लग्नात रुखवतावर मांडायला तुझा मण्यांचा पोपट पाठवा, असं तू लिहिलंस. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही.

हिरवे मणी संपले म्हणून तू त्याचा एक पंख निळा केलास. डोळे फुटक्या बांगडीचे, शेपटीला चमकीचा कागद. तुझ्याही रुखवतात तो होता. सासरी निघताना तूच तो ओसरीच्या खुंटीवर टांगलास. म्हणालीस, "बाबा, तुमाले घर सुनं वाटू नये म्हून." आल्यागेल्याला मात्र हसू येतं. "उकंडराव, पोपट हाय का कोंबडा?" विचारतात. विचारू देत.

आधी मी तुला एका कागदावर लिहिलं होतं की उंदरांनी पोपट कुरतडला. तुझ्या आईनं ते वाचून घेतलं आणि उखडली. "पोपटापायी पोरीले खोटं लिहून राह्यले? लगन कोनाच्या नातीचं हाय?" तो कागद तिनं चुलीत घातला.

शनिवारी रामकिसनच्या बैलांच्या दमणीतून मीच रिसोडला येतो, पोपट मांडीवर धरून. धक्क्यानं मणी सुटतील याची धास्ती आहेच. हा कागदही टपालात न टाकता पोपटासोबत तुझ्या हाती देईन. पण तोंडानं एक सांगता येणार नाही, ते इथंच लिहितो. नर्मदेचं रुखवत पोपटासकट तिच्या सासरच्या गाडीत भरतील, तेव्हा मला हाक मारू नको. मी मागं बैलांना पाणी दाखवत असेन.

तुझा बाप,
उकंडराव