दुसऱ्या रांगेतला तिसरा

मोहटोला, जि. गडचिरोली
११ ऑगस्ट २०२४

चि. निकेशला बाबाचे अनेक आशीर्वाद.

तू सैन्याच्या प्रशिक्षणाला गेलास त्याला काल तीन महिने झाले. गावात टॉवर नाही, म्हणून तुझी चुलतबहीण हर्षा गडचिरोलीहून आली की तुमच्या केंद्राने पाठवलेले फोटो मोबाइलवर दाखवते. सगळ्यांचीच डोकी भादरलेली. शेजारच्या शकुबाईने तर मलाच विचारलं, मास्तर जित्ते असताना पोरानं मुंडन काऊन केलं म्हणून! दुसऱ्या रांगेतला तिसरा तूच ना? छाती चांगली भरली आहे. दोर चढण्याच्या फोटोतही तोच सगळ्यांच्या वर दिसतो.

धानाची रोवणी आटोपली. सायंकाळी ओसरीत चौथीचं जुनं पुस्तक उघडून कविता मोठ्याने म्हणतो आणि कडव्याच्या मध्येच थांबतो. पुढची ओळ तू सांगायचास, ती सवय काही जात नाही. शेळी नुसती बघते.

आहे तो लोभ असू दे; वाढवायचाच झाला तर पत्राची लांबी वाढव.

तुझा बाबा

प्रशिक्षण केंद्र
२५ ऑगस्ट

ती. बाबांना निकेशचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र भेटलं. हो, तो मीच. मजेत आहो. उस्ताद खूप पळवतेत. जेवण चांगलं भेटते. मले टाइम नाई, म्हणून थोडकंच लिवतो. तब्येतीले जपजा.

तुमचा निकेश

मोहटोला
८ सप्टेंबर

चि. निकेशला आशीर्वाद.

मास्तराचा पोरगा असून 'मले' आणि 'लिवतो' लिहितोस! वर्गात असतास तर दहादा लिहायला लावलं असतं. पण 'हो, तो मीच' हे एवढं शुद्ध वाक्य वाचलं आणि जेवण अर्धं टाकून उठलो.

तो पोरगा तू नाहीस. तू उभा राहिलास की डावा खांदा खाली पडतो, पहिलीच्या प्रार्थनेपासून. चारही फोटोंत शोधलं, तू एकाही रांगेत नव्हतास. सरळ विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून परक्या पोराकडे बोट दाखवलं. वाटलं, तू नाही म्हणशील आणि मग काय ते सांगशील.

जमत नसेल तर घरी ये. हसणारे हसू देत. यात माझा स्वार्थही आहे, लपवत नाही. तुझी आई गेल्यापासून या घरात दुसरा आवाज तुझाच होता.

उत्तर लहान चालेल, खरं असावं. माया आहेच.

तुझा बाबा

प्रशिक्षण केंद्र
२२ सप्टेंबर

ती. बाबांना सा. नमस्कार.

जूनमधीच पळता पळता पायाच्या नळीले तडा गेला. दीड महिना दवाखान्यात होतो. मंग मले मागच्या तुकडीत टाकलं. माह्या संगचे पोरं डिसेंबरात कसम खाऊन जवान होतीन, मी मार्चात. थेही पाय टिकला तं. पुन्हा तडा गेला तं घरी पाठवतेत. तुमी गावभर कौतुक सांगितलं असन, म्हणून खोटं लिवलं.

सोमवारपासून पळून राह्यलो. सगळ्यात मागं असतो. उस्ताद मले बैलगाडी म्हणतेत, पण अजून थांबलो नाई.

तुमचं पत्र वाचून पहिले बॅगच काढली होती. मंग परत ठेवली. पाय मोडला तं थे पाठवतीनच. आपल्या मनानं मी येत नाई. मार्चपावतर तुमाले एकट्यालेच राहा लागन, बाबा. राग आला तं राग लिवजा, पण लिवजा.

तुमचा निकेश