मागच्या चाकाची सेटिंग

उस्ताद, तुम्ही गेलात त्याला सात वर्षं झाली, आणि तुम्हाला लिहायला मी आज पहिल्यांदा बसलोय. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला सरांच्या अंगावर धावून गेलो, कॉलेज सुटलं, घरात कुणी धड बोलेना, तेव्हा तुम्ही मला महाळुंग्याच्या ट्रेनिंग शेडमध्ये हाताखाली घेतलंत. आपल्या सरकारनं एका मित्रदेशाच्या फौजेला इथले ट्रक दिले होते, आणि ते सांभाळायला शिकण्यासाठी त्यांचे बारा जवान सहा आठवडे आले होते. तुम्ही स्वतः फौजेतले हवालदार, असंच शिकवायला बाहेरच्या देशात राहून आलेले. तुमचा नियम एकच होता, शिकवणाऱ्यानं हात पाठीमागं बांधून उभं राहायचं. एकदा मला राहवलं नाही, मी एकाच्या हातातून पाना घेतला, तर तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "आरं, सोड तो पाना. त्याच्या डोंगरात तू जानार हाईस का नट आवळाय?" जवानांना मराठी येत नव्हतं तरी ते हसले. तो राग मला दोन दिवस पुरला.

त्यांच्यात एक कॉर्पोरल होता, चाळिशीचा, अगदी सावकाश काम करणारा. काढलेला प्रत्येक नट फडक्यावर ओळीनं मांडणार, वहीत त्याचं चित्र काढणार, मग पुढचा. मला तो 'छोटा उस्ताद' म्हणायचा. मी वरवर चिडायचो आणि आतून फुगायचो. शेवटच्या शनिवारी प्रत्येकानं मागच्या चाकाचा ब्रेक एकट्यानं खोलून परत बसवायचा होता. तुम्हाला चाकणच्या ऑफिसात बोलावलं होतं म्हणून शीटवर 'स्वतः केले' पुढे सही करायचं काम माझ्याकडे दिलंत. आणि त्याच दुपारी कॉलेजपासून माझं जिच्यावर प्रेम होतं तिचा फोन आला. उद्या तिला बघायला लोक येणार होते. पाच वाजता पिंपळे सौदागरला सोसायटीच्या गेटवर ये, एवढंच ती म्हणाली. सव्वाचार झालेत. कॉर्पोरलचं सगळं बसवून झालंय, फक्त सेटिंग राहिलीय. चाक फिरवत, हातानं अंदाज घेत ब्रेक किती जवळ आणायचा ते बघायचं. ते नीट झालं नाही तर ब्रेक दिसायला बसलेला, पण भरलेली गाडी उतारावर धरत नाही. त्यानं वहीचं नवं पान काढलं. मी त्याला म्हटलं, हटो. तो म्हणाला, "मैं करेगा, छोटा उस्ताद. थोडा टाइम." मी त्याचा कोपर बाजूला सारला, पाच मिनिटांत सेटिंग उरकली, सही ठोकली आणि माझ्या बाइकला किक मारली. तो हात पुसत उभा होता. भोसरीच्या ट्रॅफिकमधून कसा गेलो देव जाणे. ती खाली आली आणि म्हणाली, "मी हो म्हणणार आहे. आणि इथं तमाशा करू नको राव, वॉचमन पप्पांना सांगतो." झालं, एवढ्यासाठी.

पाच महिन्यांनी तिकडून चौकशीचं पत्र आलं. त्या कॉर्पोरलनं ब्रेक बसवलेला ट्रक उतारावर थांबला नाही, ड्रायव्हरचा पाय गुडघ्यापासून गेला. सेटिंग झालीच नव्हती. त्याला ती शिकवली होती का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. तुम्ही ती शीट घेऊन शेडमध्ये आलात, ओरडला नाहीत. "सेटिंग त्यानं सोत्ता केली व्हती न्हवं?"

"व्हय उस्ताद. माझ्यासमोर."

तुम्ही शीट घडी करून खिशात ठेवलीत. माझ्या शब्दावर तुम्ही लिहून दिलंत की हा माणूस पूर्ण शिकून गेलाय, आणि तुमचं लिहिणं त्यांनी मानलं. कॉर्पोरलचा निष्काळजीपणा ठरला, त्याच्या हुद्द्याच्या फिती उतरल्या. ते कळलं त्या दिवशी डबा न उघडताच तुम्ही म्हणालात, माझंच शिकवणं कुठंतरी कमी पडलं आसंल. मी समोर भाकरी खात होतो. तेव्हा तोंड उघडलं असतं तर निदान त्याच्या फिती परत मिळाल्या असत्या. त्यानंतर प्रत्येक बॅचकडून सेटिंग तुम्ही दोनदा करून घ्यायला लागलात, आणि पुढच्या वर्षी अटॅकनं गेलात. तुमच्या छातीवर काय काय होतं ते डॉक्टरला दिसलं नसणार. मला माहीत होतं.

आता त्याच शेडमध्ये मी शिकवतो. या महिन्यात त्याच देशाची नवी बॅच आलीय, पोरं आहेत, मला उस्ताद म्हणतात. मला ते सोसत नाही, पण नको म्हणायलाही कारण सांगावं लागेल. कॉर्पोरलचा गावाकडचा पत्ता जुन्या रजिस्टरात आहे, परवा काढून बघितला. हे सगळं त्यालाच लिहायला हवं, त्यांच्या फौजेलाही लिहायला हवं, एवढं मला कळतं. हा कागद तर कुठंच जायचा नाही. आधी तुम्हाला लिहायला बसलो ते एवढ्याचसाठी, की तुम्ही उलट काही विचारणार नाही.