साहेबांचा खडक

प्रिय आई,

आधी तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांना नमस्कार. माझी तब्येत चांगली आहे, जेवणही वेळेवर होतं. नोकरीचं मात्र या खेपेला विचारू नकोस.

गेल्या वर्षी साहेबांनी माझा पाणमांजरांचा फोटो स्वतःच्या नावाने छापला, तेव्हा तू म्हणालीस, "डूख धरू नये गं." मी धरला, आणि वर्षभर जपला.

काल त्यांना नदीवर नेलं. पाणमांजरं रोज एका ठरलेल्या खडकावरच शी करायला येतात. तोच खडक दाखवून मी म्हटलं, "इथे पालथे पडा साहेब. अगदी समोर येतील."

"वास कसला येतोय?"

"माशांचा."

खोटं कुठे बोलले? खातात ती मासेच.

मी समोरच्या काठावर गवतात दबा धरून बसले. तासाभराने तीन पाणमांजरं आली. आपल्या जागेवर माणूस बघून अशी किंचाळली की साहेब धडपडत उठले. शर्ट, दाढी, सगळं माखलेलं. वरच्या फांदीवरून पाणकावळ्यानेही आपला वाटा टाकला. एका पाणमांजराने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, तेवढ्यात मी बटण दाबलं.

तुझ्या गोळ्या संपल्या असतील तर दादाला सांग, दुखणं अंगावर काढू नकोस. मला दुसरं काम मिळेल.

सोबत फोटो पाठवते आहे, दारासमोरच्या भिंतीवर लाव. हा काही साहेबांना स्वतःच्या नावाने छापता यायचा नाही. त्यात तेच आहेत.

तुझी, न ऐकणारी
धाकटी