समुद्राची रंगीत तालीम

ती. ताईला,

धाकटीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा वाकले असं समजून घे).

"समुद्र काय पळून जातोय का?" हे वाक्य अण्णांनी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि तू चौदाची. पिशव्या भरून दारात ठेवल्या होत्या आणि अण्णांच्या कचेरीत ऐन वेळी तपासणी निघाली. आईने पिशव्या रिकाम्या केल्या आणि चारही टॉवेल पुन्हा कपाटात ठेवले. त्यानंतर तीनदा बेत ठरला, तीनदा मोडला (एकदा माझ्या गोवरामुळे, हे तू प्रत्येक भांडणात काढतेस). अण्णांना जाऊन आता तीन वर्षं होतील. समुद्र खरंच कुठे पळून गेला नाही. आई मात्र शहात्तर वर्षांची झाली आणि तिने तो अजून पाहिलेला नाही.

तुझी तब्येत कशी आहे? ब्लड प्रेशरची गोळी घेतेस, की नुसती पेशंटांनाच देतेस? फोनवर विचारलं की "वॉर्डात आहे, नंतर बोलू" म्हणतेस आणि ते नंतर कधी उगवत नाही, म्हणून हे पत्र. वाचताना मध्ये "सिस्टर" अशी हाक आली तर खुशाल जा, पत्र थांबेल.

तर बातमी अशी, की पुढच्या महिन्यात आईला चार दिवस समुद्रावर न्यायचं ठरलं आहे. बेत आखायचं काम मी तुझ्या मेहुण्यांवर सोपवलं, ही माझी पहिली चूक. बावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक करणारा माणूस, ताई. मास्तरांनी चारही दिवस पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या तासांत कापून काढले. पहिला तास समुद्र. दुसरा तास समुद्र (पुढे चालू). मग मधली सुट्टी. मी विचारलं, पाऊस आला तर? म्हणाले, "बदली तास. खोलीत बसून खिडकीतून समुद्र." सूर्यास्ताला सलग दोन तास दिलेले पाहून मी म्हटलं, "अहो, सूर्य पाच मिनिटांत बुडतो." तर म्हणाले, "आईंची चाल पाहिली आहेस ना? जायला पाऊण तास धरलाय, वाटेत बसायला पंधरा मिनिटं." वेडेपणा करतात, पण त्यात माणसाची चाल मोजलेली असते. माझ्या झेरॉक्सच्या दुकानात त्यांनी या वेळापत्रकाच्या आठ प्रती काढून घेतल्या. जाणारी माणसं तीन. उरलेल्या पाच कशाला, तर वाऱ्याने उडाल्या तर.

आईने त्याच संध्याकाळी पिशवी भरली. तेव्हापासून रोज दुपारी ती पिशवी उपसते, सगळं आहे ना बघते आणि पुन्हा भरते. मध्येच मला विचारते, "तिथे पाणी मिळतं का गं?" (प्यायचं, असं तिला म्हणायचं असतं.)

आता दुसरी चूक ऐक. स्नेहसंमेलन असो की झेंडावंदन, मास्तर तालमीशिवाय काही करत नाहीत. त्यांनी गेल्या रविवारी सहलीची तालीम ठेवली. म्हणजे सातला पिशव्यांसकट घर सोडायचं, बस-स्थानकावर जायचं, फलाटावर उभं राहायचं, कुठे किती मिनिटं लागली ते टिपायचं आणि नाश्त्याला घरी परत. आईला त्यांनी दोनदा सांगितलं, "आई, आज नुसती तालीम हं." ती दोन्ही वेळा "हो हो" म्हणाली. तिचं "हो हो" म्हणजे काय असतं, हे तुला मी सांगायला नको.

मला स्वच्छतागृह कुठे आहे ते पाहून यायचं काम होतं. मास्तर घड्याळ आणि वही घेऊन फलाटाच्या टोकाला. मी परत येऊन बघते तर बाकावर आई नाही. समोर समुद्राकडे जाणारी गाडी इंजिन सुरू करून उभी, आणि तिच्या तिसऱ्या रांगेत, खिडकीपाशी, आपली आई. कंडक्टर तिकीट विचारत होता आणि ती त्याला सांगत होती, "मागून येतायत ते काढतील."

मास्तर धावत आले. "आई, उतरा. आज तालीम आहे."

"तुमची असेल. माझी पस्तीस वर्षं तालीमच चालली आहे."

गाडीतले लोक हसले. मागून एक बाबा ओरडले, "बसू द्या हो आजींना!" तेवढ्यात एक बाई शेजारच्या जागेवर बसायला लागल्या, तर आईने तिथे चटकन पिशवी ठेवली. "ही धरलेली आहे. माझी थोरली येतेय. हॉस्पिटलात असते, सुटायला उशीर होतो तिला."

कंडक्टर म्हणाला, "आजी, गाडी सुटायची वेळ झाली. कधी येणार तुमची थोरली?"

"येईल. दिवसभर उभी असते, पाय सुजतात. पळायला नका लावू तिला."

मी पायरीवर उभी होते, ताई. थोरली येणार नाही हे माहीत असून मीही एकदा मागे वळून फाटकाकडे बघितलं. कंडक्टर भला माणूस. त्याने कुणाला काही न विचारता गाडी थांबवून ठेवली. मग आईच उठली, पिशवी घेतली आणि खाली उतरता उतरता मला म्हणाली, "एकटी जाऊन काय करू तिथे?" मास्तरांच्या वहीत त्या दिवसाची शेवटची नोंद आहे: वाट पाहणे, चार मिनिटं.

तुमचं दोघींचं फोनवरचं बोलणं मी रोज ऐकते. "गोळी घेतलीस?" "घेतली." "बरं." "बरं." झालं. अण्णांच्या मागे तू तिला तुझ्याकडे बोलावलंस आणि ती माझ्याकडे आली, तेव्हापासून हे असं. तिने मला का निवडलं, हे तू तिला कधी विचारलं नाहीस आणि मीही नाही (खरं सांगू, मला वाटायचं मी लाडकी म्हणून). त्या रविवारी घरी आल्यावर विचारलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "थोरलीकडे गेले असते तर ड्युटीवरून येऊन ती माझंच करत बसली असती. घरी तरी पेशंट नको तिला." मग माझ्याकडे बघून, "आणि तुझं काय, तुझ्याकडे मलाच काम असतं."

म्हणजे माझा आळस तुझ्या कामी आला. मी म्हटलं, हे तिला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "तिने विचारलं का?"

बाकी सर्व क्षेम. पत्र लांबलं, रागावू नकोस. रागावलीस तरी पूर्ण वाच.

तुझी,
(लाडकी नसलेली) धाकटी

ता. क. हे पत्र लिहितेय हे आईला माहीत नाही. एवढं लांबलचक कुणाला लिहितेस, असं तिने आत्ताच विचारलं. मी म्हटलं, वीज कंपनीला, तक्रार आहे. म्हणाली, "त्यांना म्हणावं, रात्रपाळीला उपाशीपोटी जाऊ नका."

ता. क. २. वर 'जाणारी माणसं तीन' लिहिलंय ते खोटं आहे. मास्तरांनी जागा चार धरल्यात. हजेरीपटात चौथं नाव तुझं, आणि त्यापुढे अजून काही भरलेलं नाही. त्यांनी तुझ्या रजेचा अर्जही स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहून सोबत जोडला आहे. कारणाच्या जागी 'समुद्र' लिहिलंय. मी म्हटलं, अहो, आजारपण लिहा, तर म्हणाले, अर्जात खोटं चालत नाही. तुझी उत्तरं मला पाठ आहेत: मेट्रन सोडणार नाही, नव्या मुलींना काही येत नाही, माझ्याशिवाय वॉर्ड चालत नाही. तू नाहीच म्हणणार. तरी खाली रिकामी जागा सोडली आहे, तिथे सही कर ना गं.