खिशातला पासंग

६ फेब्रुवारी, गुरुवार

२५.३! आहाराच्या बाईंनी टाळीच वाजवली. डॉक्टरांनी साखरेच्या धाकाने मला त्यांच्याकडे धाडलं तेव्हा २९ होता. "पंचवीसच्या खाली आलात की नॉर्मल, काका. मग फाईल बंद. मग कशाला यायचंय इथे?"

मी हसलो. जिन्यात थांबून पुढच्या गुरुवारची चिठ्ठी दोनदा वाचली.

बीएमआय म्हणजे काय, तर किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. जन्मभर वजन-मापे निरीक्षक होतो मी, पण माणसाला त्याच्याच उंचीने भागतात हे साठी उलटल्यावर कळलं. बाई म्हणतात, हा नुसता अंदाज – पैलवानालाही लठ्ठ ठरवतो. पोटाचा घेर, साखर, रक्तदाब वेगळे बघावेच लागतात. असेना का अंदाज! त्याच्या निमित्ताने आठवड्यातून एकदा कोणीतरी विचारतं, "काल रात्री काय जेवलात?" ही गेल्यापासून घरात हे विचारणारं कोणी उरलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

चिरंजीवांचा व्हिडिओ फोन. नेहमीसारखा घाईतला. "बाबा, काय बारीक झालात! मस्त!" एवढ्यात त्याला दुसरा फोन आला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पथ्य सोडलं. नॉर्मल होणं मला परवडणार नाही! लोणी फासून पाव, तळलेले बटाटे, दुधात साखर. अर्ध्यावरच पोट गच्च होतं, तरी रेटतो. समोर कोणी नसलं की जेवण म्हणजे नुसतं गिळणं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काटा मारला. मी!

निघताना बघतो तर पँट कमरेवर राहीना. एवढं चरूनही! म्हणजे आज फाईल बंद. मग कपाटातून पितळी वजनांची पेटी काढली – निवृत्तीच्या दिवशी खात्याने दिलेली. एक किलोचं वजन रुमालात गुंडाळून जाकिटाच्या आतल्या खिशात टाकलं. दुकानदार माल कमी द्यायला काटा मारतात, मी स्वतःला जास्त दाखवायला. ज्याने बाजारभर लोकांची वजनं उलटी करून बुडं तपासली, त्याचा खिसा कोणी तपासला नाही.

२५.२. "थोडंच राहिलंय हो काका. धीर सोडू नका."

नाही सोडत, म्हटलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज दोन किलो घालावे लागले. बाईंनी आपल्या डब्यातलं सफरचंद कापून अर्धं मला दिलं. आईचे गुडघे दुखतात, बहीण भांडून गेलीय, सगळं सांगत होत्या. किती छान वाटलं! मग एकदम म्हणाल्या, "तुम्ही जाकीट कधीच काढत नाही. थंडी वाजते का हो?"

वाजते, म्हटलं. हे मात्र खरं. हल्ली वाजते.

४ मार्च, मंगळवार

दिवसभर नुसता पडून. दाराची घंटाही वाजली नाही.

६ मार्च, गुरुवार

तीन किलो. २५.१.

८ मार्च, शनिवार

वजनं पेटीत ठेवताना हात थांबला. एक, मग दोन, आता तीन.

दोन्ही पारडी समान दिसावीत म्हणून हलक्या पारड्याला बांधतात तो पासंग. खात्यात नवीन पोरं आली की मी पहिल्याच दिवशी बजावायचो – काटा काय दाखवतोय ते सोडा, पासंग बघा. तो वाढत चालला असेल तर पारडं झिजतंय. आणि मी स्वतःच त्यात बसलोय हे अकलेचा कांदा असलेल्या मला कळलं नाही! लोणी-साखर खाऊन माणूस झिजतो का कधी? कारण नसताना उतरणारं वजन अंगावर काढू नये – बाईंच्या भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलंय. दर गुरुवारी वाचतो मी ते.

घाबरलोय. आणि लाजही वाटतेय. जाकीट काढलं की बाईंना कळणार, हा म्हातारा आपल्याला फसवत होता. मग त्या मला पुन्हा कशाला काही विचारतील?

१३ मार्च, गुरुवार

जाकीट खुंटीला टांगलं. एक किलोचं आणि दोन किलोचं, दोन्ही वजनं त्यांच्या टेबलावर ठेवली आणि काट्यावर उभा राहिलो.

२३.८.

"नॉर्मल," मीच म्हणालो.

बाई हसल्या नाहीत. एक वजन हातात घेऊन बघत राहिल्या. "हे कधीपासून?" सांगितलं. कशासाठी, तेही सांगितलं – चाचरत, खाली बघून. "वेडे आहात का तुम्ही, काका? इतके आठवडे वाया घालवलेत!" मग माझं मनगट धरलं आणि रांग मोडून थेट डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं. रांगेतले ओरडत होते. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

२२ मार्च, शनिवार

पोटात गाठ आहे. उपचाराला सोमवारपासून यायचं, रविवार सोडून रोज. "आणि जाताना माझ्याकडे डोकावल्याशिवाय जायचं नाही," बाईंनी दम दिलाय.

रोज!

मी तर एक गुरुवार मागत होतो.