नलिनीचा करडा

३ फेब्रुवारी १९६४
प्रयोगशाळेत नवी केमिस्ट आली. नलिनी, बेळगावची. माझ्याइतकीच शिकलेली. साहेबांनी दोघींना समोर बसवून सांगितलं, मार्चअखेर एकीलाच कायम करणार. ती हसली. मी हसले नाही. मी इथे दोन वर्षं रंग जुळवते आहे.
जेवताना माझं बोलणं ऐकून म्हणाली, "अगं शांता, ही मराठी आहे की कानडीला नऊवारी नेसवलीय?"
म्हटलं, आमचं घराणं बेंगळुरात किती पिढ्यांचं, ते आधी विचार. आणि बेळगावकरणीने कानडीला हसावं!
तीच जास्त हसली.

१० फेब्रु.
काम आलं. आमच्या विमान कारखान्याच्या नव्या जेटची लाकडी मॉडेलं, हातभर लांब, समारंभात पाहुण्यांना द्यायला. समारंभ मार्चमध्ये, हिरवळीवर. रंग खऱ्या विमानाचेच हवेत: वरून करडा आणि हिरवा, खाली रुपेरी. हिरवा-रुपेरी तयार आहेत. करडा आम्ही दोघींनी वेगवेगळा करायचा, साहेब निवडणार. कायम कोण, ते यावर ठरेल असं ते म्हणाले नाहीत. म्हणायची गरज नव्हती.

१४ फेब्रु.
माझा झाला. पांढरा, काजळी, किंचित निळा. विमानाच्या नेमक्या रंगाचा जो प्रमाण पत्रा, त्याला चिकटवून धरला तर सांधा दिसत नाही.
न. आधी डोळे बारीक करून बघत उभी राहते, मग मिसळते, वजन सगळ्यात शेवटी. स्वयंपाक केल्यासारखं. हे काय काम झालं?

१८ फेब्रु.
दोन्ही मॉडेलं साहेबांच्या टेबलावर. माझं बघून म्हणाले, "हे विमान जळालंय का?" तिचं बघून: "हां. हे उडतंय."
तिचा करडा चांगलाच फिका. मी म्हटलं, "प्रमाण पत्र्याशी जुळत नाही, सर."
ती म्हणाली, खरं विमान आपण लांबून बघतो, मधली हवा रंग फिका करते. मॉडेल हातात असतं, तिथे हवा नाही. तेवढं फिकं आपणच करायचं.
साहेब मला म्हणाले, "मग तो पत्रा आकाशात नेऊन बघा की."
सगळे हसले. न. नाही हसली. ते जास्त लागलं.
हवेचं मलाही ठाऊक होतं. भौतिकशास्त्राला मला तिच्यापेक्षा जास्त मार्क असतील. सुचलं मात्र तिला.

२१ फेब्रु.
न. घरी आली. अक्काने बोलावलं होतं, मी नाही. (अक्का एकदा डबा द्यायला फाटकावर आली, तेव्हाची ओळख.) अक्काने चित्रान्न केलं. "नलिनी, स्वल्प आणखी घे. लाजू नको." मग कपाटातून साडी काढून तिला विचारते, हिच्यावर कुठला ब्लाउज?
मी याच खोलीत बसले होते. रंग जुळवणं हा माझा धंदा आहे. मोठ्या बहिणीने आजवर एकदाही विचारलं नाही.
ती गेल्यावर म्हटलं, "मला का नाही विचारलंस?"
"तू खरं सांगतेस, शांते."
मग तिने काय सांगितलं?
पण ब्लाउज सुरेख दिसला. पाहिला मी.

२७ फेब्रु.
न.च्या करड्याची रंगवलेली पट्टी वाळत होती. सहज उचलली (सहज नाही). बाहेर पायऱ्यांवर उन्हात नेली.
जांभळा.
पुसट, पण जांभळा. शेजारी प्रमाण पत्रा धरला, तो करडाच. आत नवीन ट्यूबलाइटखाली आणली, पट्टी पुन्हा करडी. तीन वेळा आत-बाहेर केलं.
कारण उघड आहे. तिने काजळी घातलीच नाही. निळा आणि तपकिरी मिसळून करडा काढलाय, म्हणून तो जिवंत दिसतो. पण असा रंग उजेड बदलला की फिरतो. धुळीपायी आमच्या खिडक्या बंद असतात, तिने दिवसाच्या उजेडात पाहिलाच नसणार.
समारंभ हिरवळीवर. भर सकाळी.
कुणाला बोलले नाही. घरी येऊन नेहमीपेक्षा दोन घास जास्त जेवले.

२८ फेब्रु.
आमच्याकडे जिने रंग मिसळला तिने तो तपासायचा नाही, दुसरीने तपासून सही करायची. म्हणजे साहेबांनी निवडलेल्या न.च्या रंगाचा डबा माझ्याकडेच येणार होता. आला. तपासणी ट्यूबखाली करायची, असा नियम. ट्यूबखाली रंग बरोबर आहे. सही केली तर त्यात खोटं काही नाही. उलट नियमच पाळला असं होईल, आणि हिरवळीवर जे व्हायचं ते...
न. म्हणाली, "कर ना सही. काय एवढं निरखतेस?"
"उद्या करते."
"काही चुकलंय?"
"नाही."

२९ फेब्रु.
शनिवार, अर्धा दिवस. सुटायच्या आधी तिला पायऱ्यांवर बोलावलं, पट्टी हातात दिली. तिने ती सावलीत नेली, परत उन्हात.
"अगं बाई!" मग, "तू कधी पाहिलंस?"
"परवा."
"परवा?"
कानाच्या पाळ्या लाल झाल्या तिच्या. मला बरं वाटेल अशी अपेक्षा होती. थोडं वाटलं.
"मग आज का सांगितलंस?"
"मॉडेलं वाईट दिसली असती."
हे खरं आहे. पुरं नाही.
बाकीचे गेले, आम्ही दोघी थांबलो. माझा काजळी-पांढरा-निळा घेतला आणि तिच्या अंदाजाने फिका करत गेलो. मी वजन करायचं, तिने "सरी, पुरे" म्हणायचं. कानडीवर हसणारी बाई "सरी" म्हणायला लागली, हे तिला कळलंही नाही. मीही दाखवलं नाही. उन्हात करडा, सावलीत करडा, ट्यूबखाली करडा. माझ्या आधीच्या रंगापेक्षा चांगला. तिच्याही.
हात पुसताना म्हणाली, "सोमवारी साहेबांना सांगू, दोघींचा आहे."
"साहेबांना एकच हवी आहे."
"म्हणून काय झालं? दोघींचाच तर आहे."
"मला दोघींचा नको."
निघून गेलं तोंडातून. तिने फडका वाळत घातला, माझ्याकडे न बघता विचारलं, "मग कुणाचा म्हणून सांगणार आहेस?"
मी कुलूप लावत होते. लावून झाल्यावरही ओढून बघत राहिले.
बसमध्ये दोघी एकाच बाकावर बसलो. तिने पुन्हा विचारलं नाही.
सोमवारी साहेब आधी मलाच विचारतील. सीनियर मी आहे.