न दुखणारा गुडघा

काका, आज तुमच्या कलमांच्या बागेवरून गेलो. विहिरीवर जाळी टाकली आहे, पंप बसवलाय. चिऱ्याच्या पायऱ्या मात्र तशाच, शेवाळलेल्या. मी थांबलो नाही. तिथे थांबायला मला तोंड नाही, म्हणून घरी येऊन हे लिहीत बसलोय.

नौदलातून निवृत्त झाल्यावर वीसेक वर्षं बाहेरगावी काढून तुम्ही रत्नागिरीत परतलात आणि पहिल्याच भेटीत माझी अब्रू काढलीत. "समुद्राच्या गावचा मास्तर आणि पोहता येत नाही? अरे, पोरांना शिकवतोस तरी काय?" मी तेव्हा हेडमास्तर होतो, पन्नाशीला टेकलेला. तुम्ही ऐंशीच्या घरात, पण आवाज अजून जहाजावरचा. दर रविवारी बागेतल्या विहिरीवर बोलवायचात. लाइफ जॅकेटची थेरं नकोत म्हणून, आपल्याकडे पोरांना बांधतात तसे सुके नारळ माझ्या कमरेला बांधायचात आणि काठावरून ओरडायचात, "लाज टॉवेलबरोबर वर ठेव! पाय मार, मास्तर, पाय!" मला मजा यायची, खोटं कशाला बोलू. एकदा तर नारळ काढून चार हात मारले आणि तुम्ही काठावर चक्क नाचलात.

मग एका रविवारी माझ्याच शाळेतली पोरं आणि त्यांच्या आया बागेच्या दगडी गडग्यापाशी, कुंपणाबाहेर, येऊन उभ्या राहिल्या. त्यातली एक बाई म्हणाली, "गुरुजी, नारल सुटलं तर आमाला हाक मारा हां!" सगळे हसले. तुम्हीही हसलात, सगळ्यांत मोठ्यानं. सोमवारी वर्गात शिरलो तर मागच्या बाकांवर खसखस पिकली. पुढच्या रविवारी मी तुम्हाला निरोप धाडला की गुडघा धरलाय.

मला वाटलं, विषय संपला. तर तुम्ही तेलाची बाटली घेऊन घरी हजर! मला खुर्चीत बसवलंत, स्वतः जमिनीवर मांडी ठोकलीत आणि "कुठला?" म्हणालात. मी उजवा पुढे केला. तुम्ही तो चोळत राहता, बोलत राहता, बोटीवर ओल्या हवेनं कोणाकोणाचे सांधे धरायचे ते सांगता. बायको चहा घेऊन दारात उभी आहे. तिला सगळं ठाऊक, ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही. ज्याला अख्खी बोट सलाम ठोकायची तो माणूस माझ्या पायाशी बसलाय, आणि गुडघा ठणठणीत! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आलात. मी गडबडीत डावा पुढे केला. तुमचा हात थांबला. तुम्ही मान वर करून माझ्याकडे बघितलंत. मग तेल ओतलंत आणि डावाही तितक्याच निगुतीनं चोळलात. जाताना म्हणालात, "आराम कर. विहीर कुठे पळून जात नाही." त्यानंतर तुम्ही पोहण्याचा शब्दही काढला नाहीत. त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी, तुम्ही गेलात.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी माझा धीर झाला नसता. बायकोला मी आजही सांगतो की त्या दिवशी तुमच्या काही लक्षात आलं नव्हतं. तुम्हाला कळलंय हे मला तेव्हाच कळलं होतं. पाय मागे घेता आला असता. पण आई गेल्यापासून माझे पाय कोणी चोळले नव्हते, म्हणून मी तसाच बसून राहिलो.